घरच्या वाट्याचे कांदे

पातेलेराव हे नाव त्यांना बायकोनेच ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की बिल्डिंगमधले लोक खरं नाव विसरून गेले. माणसाने जन्मभर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक केला होता. तिथे चमचा ही वस्तू फक्त जेवणाऱ्यांच्या हातात असे. मीठ मुठीने पडायचं, तेल मगाने, आणि ढवळायचा झारा असा की त्याने होडीही वल्हवता आली असती. घरी मात्र त्यांना ओट्याला हात लावायची सक्त बंदी. "तुम्ही एकदा चहा केलात की दोन दिवस तोच गरम करून प्यावा लागतो," असं बायको सांगायची, आणि त्यात तिखटमीठ लावलेलं काही नव्हतं.

आता तीच बायको अंथरुणाला खिळली होती. ताप केव्हाच उतरला होता, रिपोर्टही चांगले आले होते, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. मऊ भात पुढे केला की नको. सूप नको. तिच्या बहिणीने डबा पाठवला, तो उघडायच्या आधीच नको. डॉक्टरीणबाई घरी येऊन स्पष्ट बोलून गेल्या, "सोमवारपर्यंत यांच्या पोटात नीट काही गेलं नाही, तर पुन्हा दवाखान्यात न्यावं लागेल आणि नाकातून नळी घालावी लागेल." बायकोने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. एरवी तिने डॉक्टरीणबाईंना चार शब्द सुनावले असते.

हजारो पोटं भरणाऱ्या माणसाच्या घरात एक पोट रिकामं होतं. त्यांना त्याची लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती.

कॅन्टीनमध्ये उन्हाळ्यात असंच व्हायचं. भट्टीवरची माणसं घामाघूम होऊन येत आणि ताट तसंच सोडून उठत. त्यावर पातेलेरावांनी एक तोड काढली होती. कांदा उभा, पातळ चिरायचा, त्यावर साखर-मीठ घातलेलं उकळतं व्हिनेगर ओतायचं, थोडे मिरे टाकायचे. अर्ध्या तासात गुलाबी, आंबटगोड, करकरीत कांदा तयार. त्याच्याबरोबर तीच माणसं भात दोनदा मागून घेत. बायकोने या कांद्याची कीर्ती लग्नापासून ऐकली होती, पण चाखला कधीच नव्हता. तिच्या मते ती नवऱ्याची बढाई होती.

शनिवारी सकाळी त्यांनी एक कांदा चिरला. मीठ घातलं. हाताला जेवढी सवय, तेवढंच घातलं, म्हणजे मूठभर. चव घेतली आणि डोळ्यांपुढे तारे चमकले. दुसऱ्या कांद्याला घाबरून चिमूटभर घातलं. तो कांदा नुसता आंघोळ करून आल्यासारखा लागला. शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, पाव चमचा घाला," ती म्हणाली.

"पाव चमचा म्हणजे मुठीचा कितवा भाग?"

"बाबा, मूठ विसरा!"

मूठ विसरा म्हणे! मग उरलं काय? फोन ठेवून पातेलेराव पिशव्या घेऊन तडक बाजारात गेले. लहान करायला जमत नाही ना, मग मोठंच करायचं. कांद्याची गोणी आणली, व्हिनेगरचा कॅन आणला, आणि बिल्डिंगच्या सामायिक खोलीतलं, दोघांना उचलावं लागतं ते पातेलं एकट्याने उचलून आणलं.

त्यानंतर मात्र बघण्यासारखं होतं. सुरी अशी चालली की हात दिसेना. मीठ मुठीने पडलं, साखर मगाने, आणि कुठेही हात अडखळला नाही. उकळतं व्हिनेगर ओतल्यावर जांभळा कांदा हळूहळू गुलाबी होऊ लागला. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि ओरडले, "जमलं!"

तो वास जिन्याने खाली उतरला. आधी खालची शिलाईवाली वाटी घेऊन आली, मग तळमजल्यावरचे मास्तर, मग त्यांच्यामागे सगळी बिल्डिंग. पातेलेरावांच्या अंगात कॅन्टीन संचारलं. "रांगेत या! वाटी पुढे करा! मास्तर, तुम्ही दुसऱ्यांदा आलात, मी ओळखतो!" डाव भरून भरून ते वाढत राहिले, दारात हशा पिकला. कित्येक दिवसांनी त्या घरात कुणी मोठ्याने हसलं होतं.

सगळे पांगले, तेव्हा आतून आवाज आला. "अहो."

"काय गं?"

"सगळ्या जगाला वाटलंत. मला?"

पातेलेरावांच्या हातातला डाव तसाच राहिला. कॅन्टीनचा रिवाज असा, की आधी बाहेरच्यांना वाढायचं आणि स्वयंपाकघरातल्यांनी शेवटी, तळाला उरेल ते खायचं. इतकी वर्षं पाळलेला रिवाज त्यांनी आजही पाळला होता, आणि घरच्या माणसाला स्वयंपाकघरात मोजलं होतं. ज्या एका तोंडासाठी हा सगळा खटाटोप केला, तेच राहिलं! त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि पातेलं आडवं करून जवळजवळ आत शिरले. कडेला चिकटलेल्या चार फोडी निघाल्या. त्या ब्रेडच्या तुकड्यावर ठेवून ते आत गेले.

बायकोने तुकडा हातात घेतला, जरा वेळ नुसता पाहिला, मग चावला. कर्र असा आवाज झाला. तिने डोळे मिटले. ती चावत राहिली. गिळलं. दुसरा घास घेतला. बोटांना लागलेलं आंबट चाटलं.

"बढाई नव्हती म्हणजे," ती म्हणाली. मग रिकामा हात पुढे करून म्हणाली, "अजून द्या."

पातेलेराव पायात चप्पल न घालता धावले. रिकामी वाटी घेऊन त्यांनी शिलाईवालीचं दार वाजवलं, मास्तरांचं वाजवलं, मधली सगळी वाजवली. जन्मभर वाढणारा माणूस दारोदार मागत फिरत होता, आणि असा ताठ मानेने फिरत होता की जणू मिरवणूक निघाली आहे. "कांदे परत द्या! आमची ही अजून मागतेय!" मास्तरांचा घास हातातच थांबला. त्यांनी आपली अख्खी वाटी पातेलेरावांच्या वाटीत उपडी केली. शिलाईवालीने डोळ्याला पदर लावला आणि बरणीच आणून दिली.

दोन्ही हात भरून ते जिना चढत होते, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तेवढ्यात वरून हाक आली. आठवडाभर ज्या आवाजाला घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता, तो आज जिनाभर घुमला.

"अहो, नुसते कांदे काय आणताय? ब्रेड संपलाय!"