सॅडलखालचं तिकीट

पुंडलिकदादांच्या मुलीचा, सुनंदाचा, फोन आला तेव्हा मी पालकाची जुडी निवडत होते. "ताई, बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. मी "कधी?" असं विचारलं... सकाळी म्हणून तिनं सांगितलं होतं, तरी विचारलं. आता दीड महिना झाला. लिहीन लिहीन म्हणत होते, पण जे लिहायचं ते माझ्या फार सोयीचं नव्हतं.

पुंडलिकदादा अकोल्यात वाद्यं दुरुस्त करायचे. सतारी, तंबोरे, पेट्या. आमची ओळख झाली ती माझ्या मुलाच्या गिटारमुळे. तो नोकरीला पुण्याला गेला, गिटार अमरावतीत माझ्या कपाटावर राहिली, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ती शिकायचं खूळ घेतलं. तिचं सॅडल, म्हणजे खालच्या घोडीवरची ज्यावर तारा टेकतात ती बोटभर पट्टी, प्लॅस्टिकचं होतं आणि तडकलेलं होतं. कुणीतरी दादांचं नाव सांगितलं. मी मूर्तिजापूरमार्गे एसटीनं थेट त्यांच्या दारात.

"घोडी हाय तं खोगीर लागनच," म्हणून ते हसले. मग डब्यातून हाडाच्या चार पट्ट्या काढल्या, एकेक फरशीवर टाकली आणि डोळे मिटून ऐकलं. तिसरी खणकन वाजली. "हे घ्या तुमचं. पन हाड हाय ताई, घरात चालन ना?" मी म्हटलं, "दादा, मी काही देव्हाऱ्यात ठेवणार नाही." काचेवर पॉलिश पेपर पसरून त्यांनी दुपारभर ती पट्टी घासली, बुडाकडून, चार वेळा घासून एकदा उजेडाला धरायची, अशी. बूड सपाट बसलं नाही तर तारेचा आवाज लाकडात उतरतच नाही, म्हणाले. संध्याकाळी मी पहिली तार छेडली आणि मला माझीच गिटार ओळखू येईना.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी फोन स्पीकरवर ठेवून त्यांना आठवड्याचा धडा वाजवून दाखवायची. गिटार त्यांना वाजवता येत नव्हती, पण चूक बरोबर सापडायची. "सतारीले झनझन पायजे, इले नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या वर्षी माझ्या बोटांचे सांधे धरू लागले. तारा उंच वाटायच्या, दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. मी अकोल्याला जाऊन म्हटलं, सॅडल कमी करून द्या. त्यांनी केसभर घासलं आणि थांबले. "आता याच्या खाली नाही. सोपं होईन, पन आवाज मरन. सहा महिने वाजवा, बोटं सुटतीन." मी हट्ट धरला, तर म्हणाले, "घासनं सोपं हाय वो ताई. घासलेलं जोडनं कोनाच्या बापाले जमत नाही."

मला राग आला. दुखणं माझं, बोटं माझी, आणि हे कोण मला सांगणारे! चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईला 'नाही' ऐकायची सवय नसते. घरी येऊन मी तारा सैल केल्या, पट्टी उपसली आणि स्वतःच घासली. वाकडी घासली गेली, आणि जास्तही. तारा गिटारच्या मानेवरच्या पडद्यांवर आपटून झणझणू लागल्या. मग पर्समध्ये त्याच दिवसाचं एसटीचं अर्धं तिकीट सापडलं, त्याची घडी करून सॅडलखाली सरकवली. झणझण गेली. आवाजही गेला, गोधडीखालून आल्यासारखा.

रविवारी वाजवलं. दादांनी तीच ओळ पुन्हा वाजवायला लावली. मग म्हणाले, "खाली काई घातलं काय?"

"नाही दादा."

"बरं... घिऊन या एखाद्या दिवशी. पाहू."

रागावले असते तर मी गेलेही असते. आधी ऊन होतं, मग भाच्याचं लग्न, मग सांधे. रविवारचा फोनही बंद केला, कारण वाजवलं की त्यांना कळणार. ते आजारी होते हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं.

भेटायला गेले तेव्हा सुनंदा म्हणाली, "ताई, तुमी फोन करनं कावून बंद केलं? बाबा रविवारी मोबाईल घेऊन बसत. म्हनत, ताईले म्हना गिटार नका आनू, तशाच या." मी म्हटलं, "कामं होती गं." खोटं बोलायची सवय एकदा लागली की ती शोकाच्या घरातही सुटत नाही.

परवा तारा सैल करून ती घडी काढली. छपाई उडून गेली आहे, अकोला कुठं लिहिलं होतं ते मलाच तेवढं माहीत. नवं सॅडल कोणीही करून देईल. पण मी घडी होती तशी परत ठेवली. रविवारी त्या वेळेला गिटार घेऊन बसते आणि वाजवण्याआधी मोठ्यानं सांगते, "हो दादा, खाली तिकीट घातलंय."