देवी अंगात आली, असं मीही समजलो

लेकीच्या बाळंतपणात भागीरथीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, टेकडीवरच्या देवीला नवस बोलला होता. लेक वाचली, नातू वाचला, आणि मार्गशीर्षातल्या एका पहाटे ही ओटीची पिशवी बांधून दारात उभी. "चला," एवढंच म्हणाली. कापसाच्या जिनिंगमधली कारकुनी सोडून घरी बसलेला मी. शाळेत पाठ केलेल्या आर्या गुणगुणत कुठंही जायला मला चालतं.

आमच्या कारंज्याहून टेकडी फार दूर नाही. शेलूबाजारपर्यंत सर्व्हिस मोटार, तिथून बैलगाडीनं तीन कोस, शेवटचा चढ अनवाणी. तुम्ही जाणार असाल तर एक गोष्ट ठाऊक असू द्या. या नवसाला घर सोडल्यापासून ओटी भरेपर्यंत अन्नाचा कण चालत नाही, पाणी तेवढं चालतं. पहाटे निघायचं, दुपारी ओटी भरायची, मग जेवायचं, असा सगळ्यांचा रिवाज.

पण लढाईमुळे पेट्रोल मिळेना आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या होत्या. आमच्या मोटारीची भट्टी वाटेत दोनदा विझली. शेलूबाजारला पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. धर्मशाळेत जागा मिळाली. समोरच्या हॉटेलात झुणका-भाकर झकास मिळते. मी जेवलो, भागीरथी तोंड फिरवून पाणी प्यायली. "खाऊन घे गं, देवी काय पाहायला येते?" म्हणालो, तर म्हणाली, "नवस मी केला, तुमी नाई."

सकाळी किसन गाडीवानाची गाडी ठरवली. दवानं भिजलेली तूर दोन्ही बाजूंना फुललेली, बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. मी एक आर्या सुरू केली. माझा चरण चुकला की दुरुस्त करायची भागीरथीची सवय. त्या दिवशी ती फिस्कारली, "तोंड बंद ठेवा हो तुमचं!" इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी बोलली नव्हती. मी रुसून शेतं पाहत बसलो.

पुढं तिला जांभयांवर जांभया येऊ लागल्या. ओढ्यावर किसननं बैलांना पाणी पाजायला गाडी थांबवली, तेव्हा ती म्हणाली, "गाडी काहून हलून राह्यली?" मला हसू आलं. एवढ्या गारठ्यात ती मानेवरचा घाम पुसत होती, तेही मी पाहिलं. भक्तीची ऊब असेल, असं काहीसं मनात आलं. माझं मन असंच चालतं.

किसननं मागं वळून पाहिलं. "काकाजी, काकीनं कई खाल्लं?"

"परवा रात्री."

त्यानं बैलांना पिटाळलं.

टेकडीच्या पायथ्याशी भागीरथी माझा हात सोडून दोन पावलं चालली आणि डोलू लागली. हात लटलट कापत होते, अंबाडा सुटला होता, नजर कुठंतरी भलतीकडेच. एक बाई ओरडली, "आली वो, आली! अंगात आली!" डफ वाजू लागला. कुणी कुंकू लावलं, कुणी पायावर डोकं ठेवलं. गुरव पायऱ्या उतरून आला.

"बोल माय, यंदा पीक कसं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

जड जिभेनं भागीरथी पुटपुटली, "थंडी... थंडी वाजते."

"आयकलं का? थंडी पडन म्हन्ते! तुरीले मार बसन!"

आणि मी? खोटं कशाला लिहू, मला धन्य वाटलं. मी हात जोडून पुढं झालो. "आई, आमचा नातू सुखरूप राहील ना?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी कोन?"

माझे जोडलेले हात सुटले. तेवढ्यात गर्दी ढकलत किसन आला. त्यानं तिचं मनगट धरलं, ते घामानं चिंब आणि गार पडलेलं.

"काकाजी, हे देवी नोहे, भूक हाय! माही बहीन चतुर्थीले अशीच कापत होती. भगतानं दुपारवरी घुमवली. मंग ते उठलीच नाई. गूळ काढा!"

गूळ ओटीच्या पिशवीतच होता, देवीच्या नैवेद्याचा.

गुरव आडवा आला. "नैवेद्य दाखवल्याबिगर हात लावू नका! नवस उलटन, लेकरावर येईन!"

लेकरावर. त्याच्यासाठी तर ती दोन दिवस उपाशी होती. शुद्धीवर असती तर तिनंच माझा हात धरला असता. इतक्यात तिचे गुडघे वाकले आणि ती खाली बसली ती कलंडलीच. पापण्या मिटू लागल्या.

मी गाठ सोडली.

"खडा नका देऊ, घशात अडकन," किसन म्हणाला. "पान्यात कालवा. कुशीवर घ्या. बोटानं गालाले आतून लावा, जराजरासा."

डफ थांबला होता. मी बोट बुडवत होतो, लावत होतो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिची जीभ हलली. तिनं गिळलं. पुन्हा गिळलं. उठून बसल्यावर गुळाचं पाणी स्वतः प्यायली, किसनच्या फडक्यातली अर्धी भाकर खाल्ली आणि म्हणाली, "माहे केस कोनं सोडले?"

ओटी गुरवानं भरून घेतली. गुळाविना.

कारंज्याच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. मधुमेह नाही. पण उपाशीपोटी फार काळ राहून श्रम केले तर मधुमेह नसलेल्यांच्याही रक्तातली साखर उतरते, असं ते म्हणाले. चिडचिड, घाम, थरथर, मग बरळणं. बरळण्यापर्यंत वाट पाहू नये. तुमच्याबरोबर कुणी उपासाचं असेल तर हे माझ्याकडून ऐका.

घरी भागीरथी माझ्याशी बोलेना. त्यातच नातवाला पडसं झाल्याचं लेकीचं पत्र आलं. मी ते वाचून दाखवत असताना तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी विसरणार नाही. आठवड्यानं दुसरं पत्र आलं, पोर बरं होतं. त्या दिवशी तिनं ताटात वाढता वाढता विचारलं, "मी तिथं काय बोलली?"

"थंडी वाजते म्हणालीस."

"मंग तुमी काय केलं? पांघरून घातलं?"

"हात जोडले."

तिच्या हातातली पळी थांबली. "बेचाळीस वर्सांत पयल्यांदा," ती म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मला काही अजून हसू येत नाही.