दोन लाद्यांचा डाव

फोन आला तेव्हा माझ्या हातात जीन्सची पँट होती. उल्हासनगरला कपड्यांच्या कारखान्यात मी नोकरीला आहे, तिथे तयार माल तपासते. कुठे टाका सुटलाय, कुठे बटण सैल आहे, असलं काम. नवऱ्याचा आवाज आला, "नीता, वहिनी गेल्या." मी म्हटलं, "बरं." अगदी असंच म्हटलं, दळण आणलंय असं कुणी सांगावं तसं. फोन ठेवला, हातातल्या पँटचा राहिलेला पाय तपासला, धागा कापला, घडी घातली आणि पुढची पँट ओढली. शेजारच्या टेबलावरची रेश्मा सिंधी आहे, पंधरा वर्षांपासूनची मैत्रीण, मला अदी म्हणजे ताई म्हणते. तिने विचारलं, "अदी, किसका फोन था?" मी सांगितलं, तेव्हा तिनेच माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि मला बाहेर नेऊन रिक्षात बसवलं. अंबरनाथला घरी पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की आज दही न्यायचं होतं. सकाळी वहिनींनी सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे... तोंडाने नाही. ते येईलच पुढे.

आता दीड महिना होत आला. मला रडू आलेलं नाही. दहाव्याला, तेराव्याला बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, की ही आता रडेल, मग रडेल. मी आपली पत्रावळ्या मोजून ठेवत होते. एकीने तर दुसरीला कोपराने ढोसून म्हटलंच, "कशी रडेल? बोलत कुठे होत्या दोघी!" ऐकलं मी. खोटं काय होतं त्यात?

सुमनवहिनी माझ्या मोठ्या जाऊबाई. माहेर बदलापूरच्या पुढचं, भातशेतीवाल्यांचं, त्यामुळे बोलण्यात 'गो' असायचंच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना इथे नऊ वर्षं झाली होती आणि त्यांचा अमोल पहिलीत होता. मी उल्हासनगरच्या कॅम्पात वाढलेली, दुकानदारांशी हिंदीत भांडायला एक नंबर. पण तांदळाची भाकरी थापायची वेळ आली की माझी बोबडी वळायची. "अगो नीते, पाणी लाव की हाताला. ती काय चावते तुला?" असं म्हणत वहिनी मागे उभ्या राहायच्या. फाटलेली भाकरी त्या गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि सासूबाईंना म्हणायच्या, "माझीच फाटली." हे त्यांनी किती महिने केलं कोण जाणे. मी कधी विचारलं नाही.

मग चार वर्षांपूर्वी सासूबाई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळल्या आणि चार महिन्यांत गेल्या. ते चार महिने त्यांचं सगळं वहिनींनी केलं. सगळं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. मी कारखान्यात असायचे. आणि तेराव्याला, पाहुणे पानावर बसलेले असताना, आत्याबाईंनी नुसतं विचारलं, "पडल्या कशा गं?" तर मी, अक्कल गहाण टाकल्यासारखी, सगळ्यांदेखत बोलून गेले, "दिवसभर घरात माणूस असून लक्ष नको का ठेवायला? मी घरी असते तर पडल्या नसत्या." वहिनी वरण वाढत होत्या. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली, पातेलं खाली ठेवलं आणि आत गेल्या. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो, अशी समजूत मी स्वतःची घातली. पण तसं नव्हतं. मी सासूबाईंचं काहीच केलं नाही याची मला लाज वाटत होती, आणि ती लाज मी वहिनींच्या पानात वाढली. हे मला त्याच दिवशी संध्याकाळी भांडी पुसताना कळलं होतं. माफी मागायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं तोंड भलत्याच वेळी उघडतं.

एका ओट्यावर दोन बायका आणि अबोला... ज्यांच्या घरी झालाय त्यांना माहीत असेल, स्वयंपाक काही अडत नाही. वहिनी कुकरशी बोलायच्या. "मीठ कमी वाटत असेल तर बरणी वर आहे म्हणावं." मी फ्रिजशी बोलायचे. "आज कुणाला यायला उशीर होणार आहे, पोळ्या धरू नयेत." भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसतात. ते तिथूनच विचारायचे, "कुकर काय म्हणाला?" आम्हाला हसू यायचं, पण दोघी आपापल्या भिंतीकडे तोंड करून हसायचो.

अशात ती डबी आली. आली म्हणजे घरातच होती. अमोलने कॉलेजात असताना उल्हासनगरच्या मार्केटातून एक जुना, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता. दोन पेन्सिल सेल घालायचे, आणि मागे कॅसेट. ती कॅसेट अडकून बसलेली, निघायचीच नाही, त्यामुळे गेम कायम एकच. अमोल नोकरीला पुण्याला गेला आणि डबी माळ्यावर गेली. दिवाळीची साफसफाई करताना वहिनींना ती सापडली. डाळ शिजेपर्यंत काय करायचं, म्हणून त्यांनी सेल घातले, आणि त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा डाळ करपली.

खेळ म्हणावा तर अगदी साधा. पडद्यावर भिंतीसारखी एक चौकट, तिच्यात चौकोनी लाद्या. कुणावर त्रिकोण, कुणावर गोल, कुणावर फुली. लादी उजवीकडे-डावीकडे ढकलता येते, उचलता येत नाही. कडेला गेली की खाली पडते, आणि पडलेली परत वर येत नाही. दोन सारख्या शेजारी आल्या की टुक्‌ असा आवाज होतो आणि दोघी नाहीशा. सगळ्या गेल्या की एक छोटीशी धून वाजते. बस्स. ना गोळीबार ना गाड्या. तरी एकदा हातात घेतला की सुटत नाही. का सुटत नाही याचा मी पुष्कळ विचार केलाय. घरातल्या कामाला शेवट नसतो, भांडी घासली की पुन्हा खरकटी होतात. इथे पसारा समोर दिसतो, आवरता येतो आणि आवरलेला राहतो. शिवाय चुकलं तर कुणी ओरडत नाही, डाव पहिल्यापासून मांडून मिळतो. सगळ्यात अवघड असतात तीन सारख्या लाद्या. दोन घाईघाईत भिडल्या की तिसरी एकटी उरते आणि डाव फुकट जातो. वहिनी एकदा कुकरला म्हणाल्या होत्या, "तिघी एकदमच भेटायला हव्यात गो. दोघींनी आधी जमवलं की तिसरी बसते रडत." मला उद्देशून होतं की खरंच लाद्यांबद्दल, मला अजून कळलेलं नाही.

आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी. अशाच एका शुक्रवारी दुपारी वहिनी आडव्या झाल्या होत्या आणि डबी फ्रिजवर होती. मी सुरू करून बघितली, तर त्यात एक वेगळाच डाव मांडलेला. त्या गेममध्ये स्वतःचा डाव मांडायची सोय होती, ती वहिनींनी शोधून काढली होती. दहा डावांपुरती जागा, आणि प्रत्येकाला नाव द्यायचं, इंग्रजी अक्षरांत, फार तर सहा. पण मशीनची एक अट होती. मांडणाऱ्याने आपला डाव आधी स्वतः सोडवून दाखवायचा, तरच ते जपून ठेवणार. नाहीतर बंद केलं की सगळं गेलं. या पहिल्या डावाचं नाव होतं 'दूध'. मी तासभर डोकं खाजवून सोडवला, धून वाजली, आणि आतून कूस बदलल्याचा आवाज आला. संध्याकाळी मी न सांगता दूध आणलं. मग मीही एक मांडला, 'गॅस'. तो त्यांनी शनिवारी सोडवला असणार, कारण सोमवारी सिलेंडर दारात. असं सुरू झालं आमचं. 'पीठ', 'बिल', 'गोळ्या'. जागा दहाच, म्हणून दर आठवड्याला जुने डाव पुसावे लागायचे. वहिनींचे डाव वरून भोळे दिसायचे आणि मध्येच पाय अडकवायचे. मी आत कॉटवर पडलेली असताना स्वयंपाकघरात टुक्‌ टुक्‌ ऐकू यायचं, माझा डाव त्या सोडवतायत, आणि मी मनात म्हणायचे, आता गोलाला अडकणार. अडकायच्याच. मग "शिरा पडो तुझ्या तोंडात," असं त्या डबीला म्हणायच्या. त्या चार वर्षांत मला त्यांच्याकडून मिळालेली ती एकमेव शिवी, आणि मला ती फार आवडायची.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एक दिवस यादीत नवीन नाव दिसलं. 'बोल'. उघडला, तर चौकटीत फक्त दोन लाद्या. दोन त्रिकोण, मध्ये एक रिकामं घर. एक ढकलली की खलास. माझं टाळकंच सरकलं. एवढे कठीण कठीण डाव मी सोडवले आणि आता मला बालवाडीतला देतात? मी एका सेकंदात तो उडवला आणि फ्रिजला ऐकवलं, "काही लोकांना वाटतं, दुसऱ्याला अक्कलच नाही." वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या होत्या. लसूण सोलत होत्या, सोलत राहिल्या. पण तो डाव त्यांनी पुसला नाही. जागेची एवढी ओढाताण, 'दूध' गेलं, 'पीठ' गेलं, आणि हा आपला पहिल्या जागेवर. दर वेळी यादी उघडली की समोर 'बोल'. मला वाटायचं, मुद्दाम ठेवलाय डिवचायला.

तरी त्या नावाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. मी ठरवलं की उत्तर द्यायचं, आणि तेही दणदणीत. 'चुकले' नावाचा डाव मांडायचा. चौकटीच्या वहीत मी तो काढायला घेतला. चाळीस लाद्या, चार जागी तीन-तीनची भानगड. एवढ्या मोठ्या चुकीची माफी, ती काय दोन लाद्यांत मागायची? वहिनींनी आठ दिवस डोकं लावावं आणि शेवटी धून वाजली की त्यांना कळावं, नीताने हे किती मनापासून केलंय. पण मलाच तो सुटेना. शेवटी एक लादी उरायचीच, आणि मशीन तो ठेवून घ्यायचं नाही. दर शुक्रवारी मी नव्याने मांडायचे, दर शुक्रवारी एक उरायची. जेवणाच्या सुट्टीत वही घेऊन बसायचे. रेश्माला सगळं माहीत होतं. ती पापड मोडता मोडता म्हणाली, "अदी, मुँह से बोल दे ना. एक मिनट का काम है." मी म्हटलं, "तुला नाही कळणार, सोप्पं करून चालत नाही." ती म्हणाली, "किसको नहीं चलता? उसको, या तेरे को?" मी तिचा पापड घेतला आणि विषय बदलला. असे आठ-नऊ महिने गेले.

त्या दिवशी सकाळी मी निघताना डबी बघितली, नवीन डाव होता, 'दही'. वेळ नव्हता म्हणून सोडवला नाही, नाव तेवढं वाचून गेले. बाराच्या सुमाराला वहिनी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. भाऊजी सांगतात, आवाज नव्हता, मला वाटलं डबी घेऊन विचार करत बसलीये. कुकरच्या तीन शिट्ट्यांवर त्या गॅस बंद करायच्या, त्यात कधी चूक नाही. चौथी झाली. पाचवी झाली तेव्हा भाऊजी पेपर टाकून उठले. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या होत्या, मेथीची काडी हातात. डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्यांना काही कळलंही नसेल म्हणाले. हे सगळे असंच सांगतात.

दिवस झाल्यावर अमोलने फ्रिजवरची डबी उचलून पाहिली. "काकू, हे अजून चालतं? कोण खेळतं?" मी म्हटलं, "तुझी आई." त्याला पत्ताच नव्हता. तो बराच वेळ डबी हातात उलटीसुलटी करत राहिला आणि मग जिथली तिथे ठेवली. तो पुण्याला गेल्यावर मी 'दही' उघडला. अजून सुटलेला नाही. फुलीपाशी अडतं. पण मशीनने तो ठेवलाय, म्हणजे त्या दिवशी सकाळी वहिनींनी तो सोडवला होता. मेथी निवडायच्या आधी. ती धून मी ऐकली असेल, दात घासता घासता. आठवत नाही मला.

परवा शुक्रवारी डाळ-भाताचा कुकर लावला आणि डबी खाली काढली. सेल बदलले. चौकटीची वही पर्समधून बाहेर काढली, आणि तशीच परत ठेवून दिली. मग दोन लाद्या मांडल्या. दोन त्रिकोण, मध्ये एक रिकामं घर. एक ढकलली. टुक्‌. धून वाजली आणि मशीनने नाव विचारलं. मी भरलं, 'चुकले'. घेतलं त्याने. लगेच घेतलं, काही कुरकुर नाही. आता यादीत पहिला 'बोल' आहे आणि शेवटचा 'चुकले', दोन्ही अगदी एकसारखे. वहिनींनी माझ्यासाठी इतकं सोपं करून ठेवलं होतं, वर्षभर पुसलं नव्हतं, आणि मी त्याला टोमणा समजले. मला वाटलं, निदान आता तरी रडू येईल. नाही आलं.

डबी मी फ्रिजवर ठेवली, पडदा ओट्याकडे करून, म्हणजे आता तुमची पाळी. तशी आमची पद्धत होती. कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "वहिनी, फ्रिजवर ठेवलंय."

बाहेरच्या खोलीतून, सवयीने, भाऊजींचा आवाज आला, "कुकर काय म्हणाला?"

"कुकर नाही, भाऊजी," मी म्हटलं. "वहिनींशी बोलले."