हाक मारलीस का?

घणसोलीतल्या त्या शाळेचं गॅदरिंग ऐन रंगात आलं होतं. म्युझिकलचं शेवटचं गाणं चालू होतं. तेवढ्यात गाणं शिकवणाऱ्या सुचित्रा मॅडमच्या सासूबाई काठी टेकत टेकत स्टेजच्या पायऱ्या चढल्या. विंगेत उभ्या असलेल्या सुचित्राच्या तोंडचं पाणीच पळालं. तिला आधी वाटलं, म्हातारी बाथरूम शोधत आली असेल. पण सासूबाई सरळ देवीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि वाकल्या.

देवी म्हणजे सहावीतली दीक्षा. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, पुठ्ठ्याचा मुकुट आणि गळ्याशी लावलेला माईक.

सुचित्राला देवाधर्माचं वावडं. पूर्वी नव्हतं. नवरा सुधीर रबाळ्याच्या एका कंपनीत सुपरवायझर, आणि बोलका इतका की त्याच्या तावडीत सापडू नये म्हणून लोक लिफ्ट सोडून जिन्याने जायचे. त्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू चालू लागले, पण वाचा गेली ती गेलीच. सुचित्राने नवस केले, उपास केले, जुईनगरच्या एका बाबांचा अंगारासुद्धा लावला. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांच्याशी बोलत राहा." तीही बोलत राहिली काही महिने. पण भिंतीशी किती बोलणार माणूस? एक दिवस तिने स्वयंपाकघरातले देव जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकले आणि त्या जागी मिक्सर ठेवला. सासूबाई आठवडाभर रडल्या, आणि मग रोज सकाळी मिक्सरलाच हात जोडायला लागल्या.

अशा बाईला मुख्याध्यापक म्हणाले, "यंदा म्युझिकल करा मॅडम. थोडं देवाबिवाचं घाला, पालकांना आवडतं." सुचित्राने पाट्या टाकायच्या म्हणून एका बैठकीत गोष्ट लिहून काढली. खाडीकाठच्या गावाची देवी रुसून देवळातून निघून जाते. गावकरी बँड लावतात, मंडप घालतात, तिच्याविषयी भाषणं ठोकतात. देवी मिठागरातल्या पोरीच्या वेशात गावात फिरते, आणि "देवी येतच नाही हो" असं रडगाणं गाणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारते, "पण तू हाक मारलीस का?" हाक कुणीच मारलेली नसते. मग पोरं गातात, 'हाक मार, थांब जरा, कान दे.' चाल बरी झाली होती. बाकी सगळं सुचित्राच्या लेखी थोतांड.

दीक्षाचा आवाज खणखणीत म्हणून तिला देवी केलं, तर तिची आई शर्मिला दुसऱ्याच दिवशी शाळेत हजर. "मॅडम, आमी बुद्धाला मानणारे. देवीबिवी आमच्यात नाही. नाटक आहे म्हणून चालेल. पण माझ्या पोरीच्या पाया कोणी पडायचं नाही, आधीच सांगते." सुचित्राला बरंच वाटलं. चला, शाळेत आपल्या मताचं एक तरी माणूस भेटलं.

आणि आता तिची स्वतःची सासू त्या पोरीच्या पायाशी वाकली होती. समोर सगळे पालक, पहिल्या रांगेत सुधीर, त्याच्यामागे शर्मिला.

दीक्षा चटकन मागे सरली आणि तिने म्हातारीचे खांदे धरले. "आजी, पाया नका पडू."

"नाही पडत. एवढंच सांग गं आई, माझा सुधीर बोलेल का?"

माईकमुळे ते अख्ख्या हॉलने ऐकलं. ट्रॅक थांबला. दीक्षाने विंगेकडे पाहिलं. पोरगं अडलं की पुढचं वाक्य पुरवायचं, हे मॅडमचं काम. पण मॅडमजवळ वाक्य कुठे होतं?

मग दीक्षाने तिला पाठ होतं तेच विचारलं. "तुम्ही त्यांना हाक मारली का?"

सासूबाईंनी मान वळवून विंगेतल्या सुनेकडे पाहिलं.

सुचित्राला घरातली बोलणी आठवली. 'तो जेवला का?' 'त्याच्या तोंडावर ऊन येतंय, पडदा ओढा.' 'त्याची गोळी राहिली वाटतं.' दिवसभर घरात हेच चालायचं, आणि तेही त्याच्या समोर, तो उठून गेल्यासारखं. त्याच्याशी कोण बोलत होतं? लग्न झाल्यापासून ती त्याला 'अहो' म्हणत आली होती. तो शब्द शेवटचा कधी उच्चारला, हेच तिला आठवेना. आणि हा प्रश्न तिनेच लिहिला होता. पोरांकडून घोटून घेताना 'पोटातून आवाज काढा' म्हणून तीच ओरडत होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती विंगेतून खाली उतरली. सगळे बघताहेत याची शुद्ध तिला नव्हती. सुधीरपुढे उभी राहून ती म्हणाली, "अहो." आवाज फुटलाच नाही. गाणं शिकवणारी बाई ती. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी पोटातून. "अहो!"

आणि थांबली. मुख्याध्यापक खुर्चीत चुळबुळले, तरी ती थांबली.

सुधीरने मान वर केली. तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या.

"ओ," तो म्हणाला.

खरखरीत, अर्धवट, पण हाकेला दिलेला ओ. सुचित्रा खालीच बसली. उरलेलं गाणं झालं की नाही, टाळ्या पडल्या की नाही, ते तिला आजही सांगता येत नाही.

"याला बोलणं म्हणत नाहीत," डॉक्टरांनी नंतर बजावलं. "फार आशा लावून बसू नका." सुचित्राने मान डोलावली. घरी येऊन तिने शिडी लावली, माळ्यावरचे देव उतरवले आणि मिक्सर बाजूला सारून जागेवर मांडले. सासूबाई बघतच राहिल्या. समईत तेल घालून झालं, वात लावायची, तर काडेपेटी सापडेना.

"अहो," सुचित्राने हॉलकडे तोंड करून विचारलं, "काडेपेटी कुठे आहे?"

सासूबाई 'फ्रिजवर' म्हणणार, तोच तिने त्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. आणि न पेटवलेल्या समईपुढे कान देऊन उभी राहिली.