उजव्या हाताची नाडी

माझे वडील अंबडचे वैद्य. बायकांची नाडी डाव्या हाताची बघत, पुरुषांची उजव्या. मुलगी म्हणून मला त्यांनी बायकांपुरतंच शिकवलं, याचा माझ्या मनात कायम राग. भीती सुटली की माणूस मोकळा, मोक्ष म्हणजे तेवढंच, असं ते रोग्यांना सांगत.

निजामाच्या अमदानीच्या शेवटी ते अंथरुणाला खिळले. एका सकाळी म्हणाले, "माझी नाडी बघ."

सवयीनं मी डावा हात धरला. त्यांनी उजवा पुढं केला. बोटांखाली नाडी अडखळत होती, मधेच थांबत होती.

"बिलकुल बराबर हाय," मी म्हणाले.

"मी न्हाई भ्यालो. तूच घाबरून राह्यलीस," ते म्हणाले, आणि माझा डावा हात ओढून त्यांनी नाडीवर तीन बोटं ठेवली.