मायच्या खोलीचा अर्ज

मध्य प्रदेशात, सौसर तालुक्यातल्या एका छोट्या गावात मी नगर परिषदेच्या नकाशा विभागात बाबू आहे. गावाचं नाव सांगत नाही. पेन्शन अजून व्हायची आहे.

मायनं जन्मभर रामाकोन्याकडच्या बागांत संत्री तोडली. म्हातारपणी ती थोरल्या भावाच्या घरी, पडवीत झोपायची. पाहुणा आला की तिची खाट उचलली जायची. माझ्याकडे एका भाड्याच्या खोलीत आम्हीच चौघं. भावाच्या घरामागं तिच्या नावावर अकरा बाय चौदा फुटांचा तुकडा होता. "मले तेथी एक खोली पायजे. आतून कडी लावता आली म्हंजे झालं," एवढंच तिचं मागणं.

भाऊ पत्रे आणायला निघालाही होता. शहाणपणा मी केला. म्हटलं, रीतसर परवानगी काढू; नोकरीतल्या माणसाच्या घरावर बोट नको. ही माझी ऐट. माय रोज विचारायची, "काय करून राहिले तुये साहेब?"

आमच्या ऑफिसातल्या इंजिनिअरनं नकाशावर नियमाप्रमाणे पुढून, मागून, बाजूनं मोकळी जागा सोडली आणि उरलेला चौकोन बघून म्हणाला, "इसमें तो खटिया भी नहीं आएगी." प्लॉटच नियमापेक्षा लहान. त्याच गल्लीतल्या व्यापाऱ्यानं नालीवर दोन मजले चढवले होते; दंड भरला, सगळं नियमात बसलं. मी चिडलो तर शेजारच्या टेबलावरचा हसला, "त्यानं बांधलं. तू इचारलंच काहून बे?" बळी तो कान पिळी, हे मी रोज त्याच टेबलावर बघत होतो, तरी अक्कल आली नव्हती.

नकाराचं पत्र मीच टाइप केलं आणि घरचंच म्हणून पोचवायलाही मलाच दिलं. हिंदी मजकूर तिला मराठीत सांगितला. तिनं पोच म्हणून हळूहळू सही केली.

"आता चुपचाप बांधलं त?"

"आता नाही जमणार. फाईल झाली नं."

"मंग तू काहून गेला ऑफिसात?"

दोन वर्षांनी ती पडवीतच गेली.

पुढच्या उन्हाळ्यात भावानं त्या तुकड्यावर पत्र्याची खोली उभी केली, मोटारसायकलसाठी. "तू पाहून घेशीन," म्हणाला. महिन्याभरात कुणाची तरी तक्रार ऑफिसात आली. मी ती फायलींच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली घातली. मायसाठीही मला एवढं करता आलं असतं.