वाया गेलेले दीडशे ताव

आमच्या शेजारचे मशीनमन चाळीस वर्षं छापखान्यात होते. मी त्यांना ‘केसभर’ म्हणतो. छापील कागद हाती आला की तो डोळ्याला लावून म्हणणार, "केसभर सरकलंय." माझ्या मुलाची लग्नपत्रिका दिली, तर अभिनंदनाच्या आधी हेच!

मशीनवर छपाई जुळेपर्यंत जुन्याच तावांवर पुन्हा पुन्हा छापून बघतात. साबणाच्या वेष्टनावर परीक्षेचा पेपर, त्यावर कुणाचं तरी लग्न. असले ताव बाहेरच्याला दाखवायचे नाहीत, हा यांचा बाणा. म्हणून ते घरी आणून माळ्यावर टाकायचे. वहिनी म्हणायच्या, "लोक पगार घरी आणतात, आमचे हे चुका आणतात."

वहिनी गेल्या, तेव्हा निधनाचं कार्ड यांनीच छापलं. पन्नास कार्डं हवी होती. दीडशे ताव वाया घालवले. मालक काही बोलला नाही. मीच गल्लीभर कुजबुजलो, "म्हाताऱ्याचा हात गेला बरं का!" जिभेला हाड नाही, त्यात ती माझी.

त्यांची लेक कलाकार. यंदा तिने माळा रिकामा केला आणि ते सगळे ताव एका प्रदर्शनात छतापासून दोऱ्यांनी टांगले. ही बातमी केसभरांना कोणी पोचवली, हे सांगायला नकोच.

ते ताडकन उठले. "चल. हिच्या कार्डाचे ताव तेवढे काढून आणतो. माझं बिघडलेलं काम लोकांनी बघायचं?"

"तिकीट नाही लावलंय, नशीब समजा," मी म्हटलं. हसले नाहीत.

दालनाच्या आतल्या कोपऱ्यात जिकडे बघावं तिकडे वहिनींचं नाव. साबणावर, वेळापत्रकावर, औषधाच्या माहितीवर. प्रत्येक अक्षराला स्वतःचीच सावली पडल्यासारखी. केसभरांनी एक ताव चिमट्यातून सोडवला, तशी लेक धावत आली.

"बाबा, राहू दे ना."

"एकावरही नाव जुळलेलं नाही गं."

"तुम्हाला जुळवायला पाच ताव पुरतात. लहानपणापासून बघतेय मी. मग हे दीडशे का?"

ते त्या तावाकडे बघत राहिले. अंगठा कडेवरून फिरत होता.

"जुळलं असतं," ते म्हणाले, "तर कार्डं छापावी लागली असती."

मी माझी जीभ दाताखाली धरली. गल्लीत कुणाला खरं वाटणार नाही.

लेकीने त्यांच्या हातातून ताव हळूच घेतला आणि परत टांगला. ते दोन पावलं मागे सरकले. एक डोळा मिटला.

"केसभर तिरका आहे," म्हणाले, आणि पुढे होऊन तो ताव सरळ केला.